जहाज ऑकलंडला सोडल्यावर: न्यूझीलंडमध्ये तीन-चार आठवडे पायी हिंडायचं असेल तर

सिडनीहून निघणाऱ्या बऱ्याच क्रूझ न्यूझीलंडला वळसा घालून ऑकलंडला संपतात. सकाळचा नाश्ता झाला की तुम्हाला बॅगांसकट क्वीन्स व्हार्फवर उतरवतात. तोवर फियोर्डलँडच्या खाड्या, डनेडिन, लिटलटन, वेलिंग्टन, नेपियर, टाउरंगा असं सगळं बघून झालेलं असतं, पण काठाकाठाने. बहुतेक प्रवासी तिथून थेट विमानतळ गाठतात. ज्यांना मागे राहायचंय, डोंगरात शिरायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आम्ही दोघं साठीच्या आसपासचे. मला चालायची हौस, ह्यांना चालून झाल्यावर निवांत बसायची. शिवाय ह्यांचा डावा गुडघा उतारावर कुरकुरतो. त्यामुळे माझं नियोजन पंचविशीतल्या पोरांसाठी नाही. माझा मुख्य मुद्दा एकच आहे: जहाजाने देशाचा घेर दाखवला, आता कमी जागा निवडा आणि प्रत्येक जागी जास्त दिवस राहा. उत्तर बेट आणि दक्षिण बेट दोन्ही गाडीने उरकू म्हणाल, तर क्रूझचीच जमिनीवरची आवृत्ती होईल. रोज नवं गाव, रोज बॅग भरा.

आधी व्हिसा

भारतीय पासपोर्टवाल्यांनी इथे नीट वाचावं. क्रूझने येऊन क्रूझनेच परत जाणाऱ्याला न्यूझीलंडसाठी एनझेडईटीए ही ऑनलाइन परवानगी पुरते. पण जहाज ऑकलंडला सोडून मागे राहायचं किंवा तिथून विमानाने निघायचं असेल, तर रीतसर व्हिजिटर व्हिसा लागतो. आमच्या क्रूझच्या एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं, "मॅडम, ईटीए झाला की झालं." त्याच्या दृष्टीने सहल बंदरावर संपत होती, त्यामुळे त्याच्यापुरतं ते बरोबरच. पुढच्या दिवसांशी त्याचा संबंध नव्हता. म्हणून असले प्रश्न एजंटला विचारू नका, इमिग्रेशन न्यूझीलंडच्या साइटवर स्वतः वाचा.

अर्ज ऑनलाइन होतो. दर माणशी दर महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलर एवढे पैसे जवळ असल्याचं दाखवावं लागतं. राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ४०० पुरतात. परतीचं किंवा पुढचं तिकीट किंवा ते काढण्याइतके पैसेही दाखवायचे. पर्यटकांकडून घेतला जाणारा आयव्हीएल नावाचा कर ऑक्टोबर २०२४ पासून १०० डॉलर झालाय. जुने ब्लॉग अजून ३५ लिहितात, त्यावर हिशेब करू नका.

क्रूझ सिडनीहून सुटत असेल तर ऑस्ट्रेलियाचा व्हिसा लागणारच. तो एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे बघून घ्या. परतीचं विमान सिडनी किंवा मेलबर्नमार्गे असेल तर भारतीय पासपोर्टवाल्यांना नुसतं विमान बदलायलाही तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि हातात चालू व्हिसा असला की तो प्रश्न मिटतो. सिंगापूरमार्गे आलात तर ही कटकटच नाही.

तारखा हटवरून ठरतात

न्यूझीलंडमध्ये जंगल-डोंगरातल्या वाटा आणि मुक्कामाच्या झोपड्या, म्हणजे हट, संवर्धन खातं सांभाळतं. त्याला तिथे सगळे 'डॉक' म्हणतात. साडेनऊशेहून जास्त हट आहेत त्यांच्याकडे. त्यातल्या सर्वात देखण्या आणि नीट राखलेल्या वाटा म्हणजे ग्रेट वॉक्स. २०२४ मध्ये हम्प रिज ट्रॅक आल्यावर त्या अकरा झाल्या. मोठ्या वाटांचा हंगाम ऑक्टोबरअखेर ते एप्रिलअखेर, म्हणजे क्रूझचा हंगाम तोच यांचाही.

हटचं बुकिंग साधारण मे-जूनमध्ये उघडतं, प्रत्येक वाटेचं वेगळ्या दिवशी, न्यूझीलंडच्या सकाळी साडेनऊला. भारतात तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. गजर लावून उठायचं, आधीच लॉगिन करून ठेवायचं, आणि मग साइट तुम्हाला आभासी रांगेत उभं करते. त्या रांगेतला क्रमांक नशिबाचा. फियोर्डलँडमधल्या मिलफर्ड ट्रॅक या ग्रेट वॉकवर स्वतंत्रपणे जाणाऱ्यांपैकी दिवसाला फक्त ४० जण सोडतात, चालायचंही एकाच दिशेने. त्यामुळे त्या जागा बघता बघता संपतात. दोन-तीन पर्यायी तारखा कागदावर लिहून समोर ठेवा. पडद्यावर रांग सरकत असताना कॅलेंडर उघडून विचार करत बसायला वेळ नसतो.

म्हणून क्रम असा: क्रूझची तारीख नक्की, मग हट, मग विमान आणि गाडी, शेवटी मोटेल. उलट्या क्रमाने गेलात तर मोटेलचे पैसे भरलेले आणि वाटेवर जागा नाही, अशी गत होते.

मिलफर्ड नाही मिळाला तर हळहळत बसू नका. माझ्या मते दिवसभराच्या चालीतून फियोर्डलँडचं तीन चतुर्थांश सुख मिळतं, आणि रात्री स्वतःच्या गादीवर झोपता येतं. त्याबद्दल पुढे लिहितेच. शिवाय लोक बुकिंग रद्द करतात. हवामान बिघडलं की दोन-तीन दिवस आधी जागा सुटतात, तेव्हा डॉकच्या साइटवर रोज सकाळी एक नजर टाकत राहायची.

महिना कोणता? डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत तिथल्या शाळांना सुट्ट्या. कॅम्पसाइट, मोटेल, गाड्या सगळं भरलेलं आणि महाग. ६ फेब्रुवारीला वाइटांगी डेची सुट्टी असते. ती टळली की मार्चअखेरपर्यंतचा काळ मला सर्वात भावतो. फेब्रुवारीत दक्षिणेला रात्री साडेआठ-नऊपर्यंत उजेड असतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि संध्याकाळ एकदम तासभर अलीकडे येते. त्या आठवड्यात लांबची चाल ठरवली असेल तर निघायची वेळही अलीकडे आणा.

जहाज आणि पहिली चढण यांत अंतर हवं

जहाजावर दोन आठवडे काढल्यावर शरीराला दोन गोष्टी झालेल्या असतात. जमीन एखाद-दुसरा दिवस डोलते, आणि चार वेळा खायची सवय लागलेली असते. डोलणं बहुतेकांचं आपोआप थांबतं. खाण्याचं तुमचं तुम्ही बघा. जहाजावर असतानाच लिफ्ट सोडून जिने धरले तर पायांना नंतर तेवढा धक्का बसत नाही. मी डेकवर पाठीला सॅक लावून फेऱ्या मारायचे. लोक बघायचे, बघू दे.

उतरण्याच्या दिवशीचं दुपारचं विमान अजिबात काढू नका. वारा, दाट धुकं, बंदरातली गर्दी, कशानेही जहाजाला उशीर होतो. ऑकलंडमध्ये दोन रात्री ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फेरीबोटीने रांगितोतो बेटावर जा. जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. साधारण सहाशे वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलेला हा ज्वालामुखी, माथा २५९ मीटर, वर जायला तासभर. काळा लाव्हा पायाखाली करकरतो, सावली कमी, बेटावर दुकान नाही, तेव्हा पाणी-खाणं बरोबर न्यायचं. परतीची शेवटची फेरी चुकवून चालत नाही. बूट कुठे चावतात, गुडघा काय म्हणतो, सॅकचा पट्टा कुठे रुततो, हे सगळं इथे कळतं आणि दुरुस्तीला शहर हाताशी असतं.

पहिला मोठा, मुक्कामी ट्रेक मात्र उतरल्यापासून आठवडाभराच्या आत ठेवू नका.

कुठे: फक्त दक्षिण बेट

जहाज ऑकलंडला संपलं म्हणून सहल तिथूनच सुरू करायला हवी असं नाही. ऑकलंड ते वेलिंग्टन ६४० किलोमीटर, त्यापुढे साडेतीन तासांची फेरीबोट. सुंदर आहे, पण ते दिवस मला डोंगरात हवे होते. आम्ही ऑकलंडहून विमानाने नेल्सन गाठलं, गाडी तिथे घेतली आणि क्राइस्टचर्चला सोडली. टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग करायचंच असेल (साधारण २० किलोमीटर, एक दिवस, बस एका टोकाला सोडते आणि दुसऱ्या टोकाला घेते), तर उत्तरेत चार दिवस वेगळे काढा. दोन चालतील असं समजू नका, कारण वारा सुटला की बसवाले त्या दिवशी नेतच नाहीत.

नेल्सनहून तासाभराच्या अंतरावर माराहाउ, म्हणजे एबल टास्मन या किनारी राष्ट्रीय उद्यानाचं दार. पूर्ण वाट ६० किलोमीटरची आहे, पण तिची गंमत अशी की किनाऱ्याकिनाऱ्याने वॉटर टॅक्सी चालतात. सकाळी बोटीने अँकरेजला उतरायचं आणि १२.४ किलोमीटर चालत माराहाउला परत यायचं. चार तास, चढ सौम्य, वाळू सोनेरी. जहाजावरून उतरलेल्या पायांना याहून चांगली सुरुवात नाही. जास्त आत जाणार असाल तर अवारोआची खाडी ओलांडावी लागते, आणि ती ओहोटीच्या आधी दीड तास ते नंतर दोन तास एवढ्याच वेळात पार करता येते. दुसरी वाट नाही. आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, मगच हट निवडा. इथल्या हटमध्ये स्वयंपाकाची शेगडी नसते, हेही आत्ताच टिपून ठेवा.

तिथून पश्चिम किनाऱ्याने खाली. पुनाकाइकीला थरावर थर रचल्यासारखे खडक आहेत, ते भरतीच्या वेळी बघा, तेव्हाच भोकांतून पाणी उसळतं. किनारा ओला, हिरवा, आणि माणसं विरळ. मग हास्ट खिंडीतून वानाका. या टप्प्यात मी फार वेळ घालवत नाही, कारण खरा मुक्काम पुढे आहे.

तो म्हणजे 'ते अनाऊ' हे फियोर्डलँडच्या कडेचं गाव. सगळ्यात जास्त रात्री इथे द्या, निदान सहा. लोक क्वीन्सटाउनला राहतात आणि तिथून एका दिवसात मिलफर्ड साउंड करून येतात. जायला जवळजवळ २९० किलोमीटर, यायला तेवढेच, आणि मध्ये बोटीची फेरी. बसमध्ये माना पडलेल्या असतात. ते अनाऊहून तेच अंतर १२० किलोमीटर. बरं, तुमच्या जहाजाने मिलफर्डमध्ये चक्कर मारलीच असेल, तर आता पाण्यावर नका जाऊ, रस्त्यावर थांबा. त्या रस्त्यावरच्या डिव्हाइड या जागेपासून 'की समिट' नावाच्या माथ्यापर्यंत जाऊन यायला तीन तास. ही राउटबर्न ट्रॅक या ग्रेट वॉकचीच सुरुवातीची चढण, आणि वरून हॉलिफर्ड दरीचा पसारा दिसतो. पेट्रोल ते अनाऊलाच भरून निघायचं.

आणि केपलर ट्रॅक, हाही ग्रेट वॉकच. पूर्ण फेरी ६० किलोमीटर, तीन-चार दिवस. हट न मिळालेल्यांसाठी माझी युक्ती अशी: सकाळी गावातून वॉटर टॅक्सीने ब्रॉड बेला जायचं, तिथून लक्समोर हटपर्यंत आठेक किलोमीटर चढायचं. हट १,०८५ मीटरवर आहे. बीच नावाच्या झाडांचं जंगल अचानक संपतं आणि पिवळं गवत, खाली निळं तळं, समोर डोंगरांच्या रांगाच रांगा. हटजवळ चुनखडीची गुहा आहे, विजेरी असेल तर डोकावता येते. उतरताना बोट धरायची किंवा कंट्रोल गेट्सपर्यंत चालायचं, हे गुडघ्याला विचारून ठरवा. "अहो, बोट साडेतीनची आहे," म्हटल्यावर ह्यांचा गुडघा किती झपझप चालतो, ते मी पाहिलंय.

इथे पाच दिवस चालणार म्हणून सहा रात्री नव्हेत. मिलफर्डला वर्षाला साधारण पावणेसात मीटर पाऊस पडतो आणि जवळपास दोनशे दिवस पावसाचे असतात. तुमच्या वाट्याला त्यातले काही येणारच. वेळापत्रकात प्रत्येक दोन चालीमागे एक रिकामा दिवस ठेवा. पाऊस थांबल्याबरोबर मिलफर्डच्या रस्त्यावर निघा, कड्याकड्यावरून तात्पुरते धबधबे ओघळत असतात आणि उन्हात ते तासाभरात आटतात.

शेवटचा मुक्काम आओराकी, म्हणजे माउंट कुक. ३,७२४ मीटर, देशातलं सर्वोच्च शिखर. दोन रात्री. सीली टार्न्सच्या पायऱ्या साधारण २,२००. चढताना मोजू नका, उतरताना काठ्या वापरा. वर छोट्या तळ्यांशी बसलं की समोरच्या हिमकड्यांवरून बर्फ कोसळल्याचा गडगडाट ऐकू येतो. गावात दुकानं फारशी नाहीत, म्हणून किराणा ट्वायझेलला घ्या.

गाडी की कॅम्पर

फोटोत कॅम्परव्हॅन छान दिसते. आम्ही साधी गाडी घेतली आणि हॉलिडे पार्कमधल्या केबिनमध्ये राहिलो: पलंग, किटली, सार्वजनिक स्वयंपाकघर, कपडे धुवायचं यंत्र. ओले बूट आणि भिजलेले कपडे घेऊन सहा फुटी डब्यात झोपायचं वय आमचं नाही. तरी कॅम्पर घ्यायचीच असेल, तर ती 'सेल्फ-कन्टेन्ड' आहे का ते बघा. २०२३ च्या कायद्याने पक्कं बसवलेलं शौचालय सक्तीचं झालंय, उचलून ठेवायचं चालत नाही, आणि गाडीवर हिरवं प्रमाणपत्र हवं. ते नसताना रस्त्याकडेला रात्र काढली तर दंड. डिझेलची गाडी असेल तर दर किलोमीटरमागे रस्ताकर वेगळा आकारतात, भाड्याच्या आकड्यात तो दिसत नाही.

गाडी डावीकडूनच चालवायची असल्याने आपल्याला सोपं. परवाना इंग्रजीत असेल तर तोच चालतो, नसेल तर आंतरराष्ट्रीय परवाना किंवा मान्य भाषांतर. एकेरी पुलांची सवय करून घ्या: पाटीवर आपल्या दिशेचा बाण लाल आणि लहान असेल तर थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. हमरस्त्यावर मर्यादा १०० असली तरी वळणांवर सरासरी ६०-६५ च्या वर पडत नाही. मिलफर्डच्या रस्त्यावर होमर बोगद्यापाशी किआ पोपट गाडीच्या रबरावर चोच चालवतात. खिडकी बंद, खायला घालायचं नाही, फोटो काढा आणि निघा.

सामान

जहाजाला वजनाची मर्यादा नसते, विमानाला असते. देशांतर्गत विमानात केबिन बॅग सात किलो, आणि ती खरंच तोलतात. जहाजावरचे जरीचे कपडे, सूट, उंच टाचा हे सगळं क्राइस्टचर्चला किंवा परतीच्या गावी पुढे पाठवता येतं का, ते आधीच तिथल्या हॉटेलला विचारा. बरेच जण बॅग ठेवून घेतात.

घरून आणायचे ते फक्त वापरून मऊ झालेले बूट, पावसाळी जाकीट, लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे अंगालगतचे कपडे. सुती आणि जीन्स भिजले की वाळत नाहीत आणि अंग गारठतं. स्लीपिंग बॅग, मोठी सॅक, काठ्या, स्वयंपाकाचा स्टोव्ह हे ते अनाऊ किंवा क्वीन्सटाउनला भाड्याने मिळतं. गॅसचे डबे जहाजावरही चालत नाहीत आणि विमानातही नाहीत, ते तिथेच विकत घ्या. हटमध्ये गादी असते, पांघरूण नसतं. कानात घालायचे बोळे न्या, घोरणारा प्रत्येक हटमध्ये असतो. सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या फियोर्डलँड आणि पश्चिम किनाऱ्यावर अक्षरशः तुटून पडतात, पण चालत राहिलं की त्रास कमी.

बूट. यावर थांबते जरा. न्यूझीलंडची जैवसुरक्षा तपासणी कडक आहे. तळव्याच्या खाचेत माती दिसली तर बूट धुवायला घेऊन जातात, आणि जाहीर न केलेल्या वस्तूला जागेवर ४०० डॉलर दंड. घरीच जुन्या टूथब्रशने घासा, वाळवा, आणि घोषणापत्रात तरीही लिहा. मध पूर्ण बंद. खाण्याचं जे काही असेल ते सगळं जाहीर करायचं. जहाजाच्या बुफेतलं सफरचंद पिशवीत टाकून बंदरावर उतरायचं नाही, तिथे कुत्री हुंगायला असतात. देशात फिरतानाही एका नदीतून दुसरीकडे जाताना ओले बूट धुऊन वाळवायचे, कारण डिडिमो नावाचं शेवाळ असंच पसरतं.

पाऊस, नद्या, मदत

रस्त्यापासून आत गेलं की मोबाइलला रेंज नसते. पीएलबी म्हणजे संकटात उपग्रहामार्फत हाक देणारं यंत्र भाड्याने मिळतं, ते घ्याच. कुठे चाललोय, कधी परतणार, हे मोटेलच्या काउंटरवर सांगून निघा. डॉकच्या केंद्रात सकाळी हवामान विचारा आणि त्यांनी नको म्हटलं तर नको. नदी फुगली असेल तर वाट बघायची, ओलांडायची नाही. तिथल्या ओढ्यांचं पाणी जसं पटकन चढतं तसंच काही तासांत उतरतंही. आपत्कालीन क्रमांक १११.

तिथे एसीसी नावाची सरकारी व्यवस्था आहे. अपघातात इजा झाली तर पर्यटकाच्याही उपचाराचा बराच खर्च ती उचलते. आजारपण मात्र त्यात येत नाही, आणि तुम्हाला घरी परत आणण्याचा खर्चही नाही. म्हणून प्रवास विमा हवाच, आणि तो घेताना दोन गोष्टी विचारा: डोंगरातल्या चालीला किती उंचीपर्यंत संरक्षण आहे, आणि क्रूझनंतरचे दिवस त्यात धरलेत की नाही. क्रूझबरोबर मिळणारा विमा बऱ्याचदा आपण जहाज सोडतो तिथेच संपतो.

क्राइस्टचर्चला गाडी परत करण्याआधी टाकी भरा आणि उरलेले गॅसचे डबे हॉस्टेलच्या फुकट घ्या-द्या फळीवर ठेवा, कोणीतरी उद्याच उचलेल. खरेदीची बिलं जपून ठेवायची गरज नाही, विमानतळावर पर्यटकांना जीएसटी परत द्यायची सोय तिथे नाही.